मोत्याचे दात आणि माझा हातरुमाल

जुनं शहर, झांझिबार
गुरुवार, दुपारच्या नमाजानंतर

आदरणीय वुआईमामांच्या सेवेशी,

भाचा मचानो आपले दोन्ही पाय धरतो. (तुम्ही तिकडून ‘मरहबा’ म्हणालात असं धरून पुढे लिहितो. मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात की पाय धरायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे पळायचं, ही हल्लीच्या पोरांची रीत आहे. म्हणून या ओळीनंतर मी खरोखरच पेन खाली ठेवलं, कॉफीचा एक घोट घेतला आणि मगच उचललं.)

तुमचा गुडघा कसा आहे? लवंगा वाळवायला ऊन मिळालं का, की यंदाही पावसाने चटया गुंडाळायला लावल्या? तुमच्या त्या बोकडाने शेजाऱ्याची मच्छरदाणी खाल्ल्याचं कळलं. दोघांची तब्येत आता बरी असेल. मामींची दाढ काढली असंही ऐकलं. जखम भरली का? आणि मुख्य म्हणजे जीभ पूर्वीसारखी चालते ना? (ही चौकशी संपूर्ण आदरानेच आहे. मामी मागे इथे आल्या होत्या तेव्हा ताराबच्या मैफलीतून तीन बायका चपला तिथेच सोडून घरी गेल्या होत्या, ही गोष्ट आमच्या गल्लीत अजून सांगतात. सांगताना आवाज मात्र खाली आणतात.)

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्हाला वाटेल. मामा, राग मानू नका, पण तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही फोन मोठ्या आवाजात लावता आणि मग माझं दुःख तुमच्याआधी पेंबा बेटावरच्या तुमच्या वेटे गावच्या मासळीबाजाराला कळतं. शिवाय मामी बाजूलाच असतात. हे पत्र फेरीबोटीवरच्या ओळखीच्या माणसाच्या हाती देतोय, पाकीट डिंकाने दोनदा चिकटवलंय. कृपा करून एकट्याने वाचा. मामींना यातलं अक्षरही सांगू नका. त्यांना कळलं तर त्या पुढच्याच बोटीने माझ्या मदतीला येतील आणि मग माझं लग्न या बेटावर काय, कुठल्याच बेटावर होणार नाही.

हो, लग्नाचंच आहे. तुमच्या सहीने गेलेल्या मागणीची मी पार माती केली आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की मिझेला वडील नाहीत, आई नाही, आत्याने वाढवलं. हो म्हणणार तर आत्या, नाही म्हणणार तर आत्या. आणि ही आत्या म्हणजे बी तिमे. तुमचं पत्र हातात घेऊन त्यांनी मला ओट्यावर बोलावलं होतं. पत्र वाचलं, घडी घातली, पदराच्या गाठीत बांधलं आणि म्हणाल्या, “घराणं चांगलं आहे. मामा भला माणूस आहे. पण तू रात्री काय करतोस रे?”

मी म्हटलं, “पाहुण्यांना रात्र दाखवतो.”

“म्हणजे इतका वेळ ती दिसत नव्हती त्यांना?” त्या म्हणाल्या. “ज्याची रात्र रस्त्यावर जाते, त्याच्या बायकोने दिवा कुणासाठी लावायचा? महिनाअखेरीस सांगते. तोवर बघते.”

मामा, त्या बघत होत्याच. बी तिमे ओट्यावर बसल्या की आमच्या गल्लीतलं मांजरसुद्धा सरळ चालतं. पण त्यांना वाटतं तसा माझा धंदा नाही हो. मला रात्रीची भीती वाटते, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? लहानपणी तुमच्याकडे मी परसात जायला बोकड बरोबर न्यायचो. मी या धंद्यात पडलो तो दिवसाच्या वाटाड्यांच्या परवान्याची रांग फार लांब होती म्हणून. तेव्हापासून मी पाहुण्यांना संध्याकाळी फोरोधानीच्या बागेत नेतो, त्यांनी भाजलेला आठपायी मासा मागितला की तो शिजलाय ना म्हणून आधी मी खाऊन बघतो, उसाच्या रसातला बर्फ काढून टाकतो, गच्चीवरच्या गाण्याला नेतो तेव्हा कठड्यापासून दूर बसवतो. चांदण्या रात्री उत्तरेच्या किनाऱ्यावर सगळं जग नाचत असतं आणि मी मधोमध उभा असतो, गळ्यात बाराजणांच्या चपला आणि पिशवीत साखरमिठाची पुडी. कुणी पाण्याकडे चार पावलं गेलं की मी ओरडतो. एक स्पॅनिश पोरगी मला म्हणाली, एवढी सुरक्षित रात्र मी माझ्या आईबरोबरही काढली नव्हती. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं होतं, पण मला भरून आलं.

तर अशा वेळी बी सलवा आल्या. खरं नाव सोल्वेग, गाव नॉर्वेत, पण आमच्या गल्लीने दोन दिवसांत मानाचं ‘बी’ लावून त्यांचं बी सलवा करून टाकलं आणि बाईंनाही ते आवडलं. निवृत्त दाताच्या डॉक्टर. वय साठीच्या पुढे, उंची आपल्या नारळाच्या झाडाइतकी, आणि भेटलेल्या प्रत्येकाच्या तोंडात डोकावायची सवय. (कॉफीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं की तुझी डावीकडची दाढ पुढच्या वर्षी जाईल. तेव्हापासून तो उजवीकडून बोलतो.) बाई मला म्हणाल्या, मला तो धडधडाट नको, तो आमच्याकडेही आहे. मला इथल्या लोकांची रात्र दाखव. इथल्या बायका रात्री कुठे जातात?

आता मामा, इथे माझ्या डोक्यात ती कल्पना आली. तुम्ही नेहमी म्हणता की मचानोला कल्पना आली की घरातली काचेची भांडी उचलून ठेवा. तसं कुणीतरी करायला हवं होतं.

बी तिमे दर महिन्याच्या ताराबला जातात हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, बाईंना तिथेच न्यावं. स्वच्छ झगा, भरतकामाची टोपी, बरोबर दारूच्या थेंबाला न शिवणारी पोक्त पाहुणी. बी तिमेंच्या डोळ्यांदेखत माझी रात्र कशी जाते ते दिसेल. सभ्य गाणी, गुलाबपाणी, म्हातारे फिडलवाले. आणखी काय हवं? मला तर मिझेच्या हातावरची मेंदीसुद्धा दिसायला लागली.

जाताना वाटेत बाईंनी विचारलं, गाण्यांचा अर्थ काय असतो? मामा, माझी एक सवय आहे. पाहुण्यांना मी नेहमी अर्धीच ओळ सांगतो. पहिली, गोड असते ती. उरलेल्या अर्ध्या ओळीत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडची गाणी म्हणजे शिऱ्यात पुरलेली मिरची. पण पाहुण्याला मिरची कशाला दाखवा? घरी जाऊन चार लोकांत सांगतील, झांझिबारच्या बायका अशा बोलतात. तेव्हा गायिका बी शिनुना हमखास गातात ते गाणं त्या रात्रीही आलंच असतं, म्हणून मी बाईंना आधीच सांगून ठेवलं की त्यात एक ओळ आहे, ‘तुझे दात मोत्यांचे, त्यांच्यापुढे चांदणं लाजतं’.

बाई रस्त्यात थांबल्या. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, चाळीस वर्षं मी दात बघितले, पण कुणी दातांवर गाणं केलेलं ऐकलं नाही. ही ओळ आली की मला कळायला हवी.

मी म्हटलं, कळेल. ओळ आवडली की बायका उठतात, नोट वर धरून नाचत जातात आणि गायिकेला देतात, तुम्हीही द्या. तुम्ही बायकांच्या बाजूला बसाल, मी पुरुषांच्या, तेव्हा ओळ आली की मी हातरुमाल हलवतो.

मामा, तुमच्या हाताला कंप सुटला असेल तर पत्र जरा मांडीवर ठेवा.

कारण मी बाईंना नोट कशी धरायची हे सांगितलं, आणि नोट कशासाठी धरायची हे सांगायचं विसरलो. आपल्याकडे ते कुणी कुणाला सांगतच नाही. ते अंगाईबरोबरच कळतं. कुणी बाई उठली, नोट डोक्यावर धरली, आणि ती ओळ चालू असताना जिच्याकडे बघत गेली, ती ओळ तिला. बोलायचं काही नाही, भांडायचं काही नाही. गाणाऱ्या बाईचं तोंड, दुसऱ्या बाईची नोट, आणि तिसरीच्या काळजात काटा. लहान मूलसुद्धा ताराबमध्ये उठून उभं राहिलं तर आई त्याचा चेहरा भिंतीकडे करते.

आम्ही पोचलो. मी बाईंना बायकांच्या बाजूला सोडलं आणि वर अक्कल अशी की बी तिमेंशी ओळखही करून दिली. बी तिमे आताशा फार शांत झाल्यात, मामा. पूर्वी त्या आणि त्यांची शेजारीण बी रिझिकी यांची जुगलबंदी बघायला लोक लवकर जेवून यायचे. पण बी रिझिकी ओमानला मुलाकडे गेल्या, तेव्हापासून बी तिमे भिंतीजवळच्या खुर्चीत बसून पंखा हलवतात. पोरी त्यांना आजी म्हणतात, शाल आणून देतात. बाईंनी वाकून त्यांच्या तोंडात बघितलं आणि थक्क झाल्या. मला मोडक्या इंग्रजीत, खुणा करत सांगितलं, या वयात सगळे स्वतःचे! मी बी तिमेंना म्हटलं, पाहुणीबाईंना तुम्ही फार आवडलात. बी तिमे म्हणाल्या, “तोंडात काय शोधतेय ही? तिचं काही हरवलंय का?” शेजारी मिझे बसली होती, तिने डोकं खाली घातलं.

मग बी शिनुनांनी ते गाणं धरलं. वाद्यं सावकाश फिरत फिरत आली, बी शिनुनांनी डोळे मिटले आणि म्हटलं:

दात तुझे मोत्यांचे गं, चांदण्याला लाजविती,
त्याच दातांआड काळ्या विंचवांची गावं किती!

आणि मी, मामा, तुमचा सख्खा भाचा, ज्याच्यासाठी तुम्ही स्वतःच्या सहीने मागणी घातलीत, तो मी पुरुषांच्या बाजूने उभा राहिलो आणि हातरुमाल हलवला. नीट दिसावा म्हणून खुर्चीवर चढून.

बाई उठल्या. त्या उठल्या की काय होतं हे समजायला तुम्ही तिथे हवे होतात. अख्ख्या सभागृहात एखादं जहाज शीड उभारतंय असं वाटलं. नोट डोक्यावर. सावकाश पावलं टाकत, (तीन दिवसांत शिकल्या हो कुठून कोण जाणे, कंबर अगदी तालात) थेट बी तिमेंकडे बघत. एवढंच नाही. एका हाताने आपल्या दातांकडे बोट, मग बी तिमेंच्या दातांकडे बोट, आणि मग छातीवर हात. बी शिनुना चाळीस वर्षं गातायत, पण इतक्या स्पष्ट पत्त्यावर त्यांनी ओळ कधी पोचवली नसेल. त्यांनी ती ओळ परत घेतली. परत परत घेतली. फिडलवाला म्हातारा उभा राहून वाजवायला लागला. बायकांनी जीभ हलवत असा काही लुलुकार केला की बाहेरची कबुतरं उडाली.

बी तिमेंचा पंखा थांबला. त्यांनी बाईंकडे बघितलं, मग त्यांची नजर हळूहळू सभागृहाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आली, आणि खुर्चीवर हातरुमाल घेऊन उभा असलेला होणारा जावई त्यांना दिसला. मी रुमालाने घाम पुसल्यासारखं केलं. मिझेने शाल तोंडावर ओढून घेतली आणि तिचे खांदे हलायला लागले. रडत होती की हसत होती हे पुरुषांच्या बाजूने कळायला मार्ग नाही, आणि तेव्हापासून मला झोप नाही.

पलीकडे धावत जावं तर बायकांची बाजू. एका फिडलवाल्याला खुणेने म्हटलं, गाणं थांबवा. तो म्हणाला, “वेडा झालास? तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी घडतंय!”

आणि मग बी तिमे उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, पोरींनी पुढे केलेले हात बाजूला सारून. त्यांनी नोट काढली (ज्या गाठीत तुमचं पत्र होतं त्याच गाठीतून; पत्र खाली पडलं, ते कुणीतरी पायाखाली तुडवलं, हेही तुमच्यापासून लपवत नाही) आणि बी शिनुनांकडे नुसती भुवई उचलली. बी शिनुनांना कळलं. चाल तीच, ओळ दुसरी:

उडत आला पांढरा बगळा, खाडी आमुची मोजाया,
एका पायावर उभा राही, दुसरा चिखलात शोधाया!

नोट थेट बाईंच्या नाकासमोर. सभागृहाने श्वास रोखला. आता बाईने नजर खाली घालायची किंवा तिसरी ओळ मागायची. हजार वर्षांत तिसरा रस्ता कुणी काढलेला नाही. बाईंनी काढला. त्यांनी बी तिमेंना कडकडून मिठी मारली. उचललं, मामा. बी तिमेंचे पाय जमिनीवर नव्हते. आणि दोन्ही गालांचे मुके घेऊन, मी शिकवलेलं एकमेव वाक्य मोठ्याने म्हणाल्या, “आभारी आहे! आभारी आहे!”

खाली ठेवल्यावर बी तिमे निघून गेल्या. मागोमाग मिझे. दारात तिने वळून बघितलं, पण माझ्याकडे की घड्याळाकडे, ते सांगता येत नाही.

ही शनिवारची गोष्ट. त्या दिवसापासून बी तिमे ओट्यावर बसून माझ्याशी नेसूच्या कांग्यावर छापलेल्या म्हणींतूनच बोलतायत. रविवारी त्यांनी नेसलेल्या कांग्याच्या काठावर छापलेलं होतं, ‘दार उघडणाऱ्यानेच चोर आत आणला’. मी घरी येऊन आडवा झालो. सोमवारी, ‘हसून घे, पाळी सगळ्यांची येते’. मंगळवारी मी भीतीने दुसऱ्या गल्लीने गेलो, तर कांगा दोरीवर वाळत घातलेला, आणि तो दोन्ही गल्ल्यांतून दिसतो: ‘मी गप्प आहे, मुकी नाही’. मामा, तुम्ही मोठे आहात, तुम्हीच सांगा याचा अर्थ काय. मित्र म्हणतात नकार आहे. कॉफीवाला म्हणतो (उजवीकडून) की नकार असता तर तिने कांगा बदलला नसता. मिझेला विचारायला निरोप पाठवला तर तिचं उत्तर आलं, “आत्या रात्री झोपत नाही. खोलीत फेऱ्या मारते आणि पुटपुटते.” शाप देत असतील, दुसरं काय?

आणि बाईंना काही पत्ताच नाही. त्या म्हणाल्या, माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर रात्र. काल विमानाने गेल्या. जाताना मला दातांचा ब्रश दिला.

महिनाअखेर पुढच्या शुक्रवारी आहे. मामा, मिझेशिवाय मला दुसरं कुणी नको, हे तुम्हाला तोंडावर सांगायला मी लाजलो असतो म्हणून लिहून सांगतो. तिला मी घाबरट आहे हे माहीत आहे आणि तरी ती हसत नाही. म्हणजे हसते, पण माझ्या बाजूने हसते. असं माणूस परत मिळत नाही. तेव्हा पाय धरून विनंती, की तुमचा गुडघा साथ देत असेल तर पहिल्या बोटीने या, बरोबर उत्तम लवंगांचं एक पोतं आणा, आणि बी तिमेंसमोर बसून माझ्या वतीने माफी मागा. तुमच्या पांढऱ्या दाढीपुढे त्या विरघळतील. मामींना सांगा की वकिलाकडे जातोय.

पुन्हा एकदा दोन्ही पाय धरतो (आणि यावेळी ‘मरहबा’ची वाट बघत धरूनच बसलो आहे).

तुमचा अपराधी भाचा,
मचानो

ता. क. : मामा, येऊ नका! पाकीट फोडून हे लिहितोय, म्हणून डिंक चिकट झालाय. बोट संध्याकाळची आहे आणि दुपारीच बी तिमेंचं बोलावणं आलं. मी कलमा म्हणत गेलो. ओट्यावर त्या, आत दाराआड मिझे.

“बस. उभा का? ओट्याला काटे आलेत?” बसलो. “रुमाल तूच हलवलास ना?”

“हो.”

“मुद्दाम?”

मी सगळं खरं सांगितलं. दात, डॉक्टर, अर्धी ओळ. बाईंना त्या विंचवांचा पत्ताच नव्हता, त्या तुमची स्तुती करत होत्या, असं दोनदा शपथेवर सांगितलं. मला वाटलं, आता चेहरा उजळेल. पण तो उतरला, मामा. एवढा उतरला की मलाच कसंतरी झालं.

“म्हणजे टोमणा नव्हता?” त्या म्हणाल्या.

“अजिबात नव्हता, बी तिमे.”

त्यांनी समोरच्या बंद दाराकडे बघितलं. ते बी रिझिकींचं दार. मग म्हणाल्या, “ती रिझिकी गेल्यापासून माझ्याकडे बघून कुणी नोट उचलली नाही रे. सगळ्या पाया पडतात. आजी बसा, आजी वारं लागेल, आजी, तुमच्यासाठी मऊ भात केलाय. ज्या बाईला कुणी टोमणा मारत नाही ना, तिचं कफन लोकांनी मापासकट शिवून ठेवलेलं असतं. शनिवारी ती तुझी उंच बाई उठली, आणि मला वाटलं, चला, मी आहे अजून कुणाच्या तरी डोळ्यांत सलणारी. चार रात्री जागून मी पुढच्या ओळी जुळवल्यात. जुने कांगे पेटीतून काढून वाचतेय, काही सुचतं का ते. आणि तू सांगतोस ती माझे दात मोजत होती!”

मामा, ते कांगे माझ्यासाठी नव्हतेच. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे जुन्या नजरेने बघितलं. “मुलगी हवी ना? पुढच्या महिन्याच्या ताराबला माझ्यासमोर कुणालातरी उभी कर. अर्धी ओळ कळणारी नको. पूर्ण कळणारी आण. तिने मला घायाळ केलं तर लग्नाची तारीख तिथेच देते. नाही केलं तर तू आणि तुझा रुमाल.”

आणखी ता. क. : निघताना मिझे दाराआडून म्हणाली, “ऐक, जी कुणी आणशील तिला सांग, आत्याला लागेल असंच. दयामाया नको.” आणि हसली. शनिवारीही हसतच होती, विचारून घेतलं.

तेव्हा मामा, लवंगांचं पोतं राहू द्या, तुमचा गुडघाही घरीच राहू द्या. मामींना पाठवा. पण त्यांना हे माझ्या लग्नासाठी आहे हे बिलकुल कळू देऊ नका. कळलं तर त्या सोयरीक म्हणून गोड बोलतील, बी तिमेंना शाल देतील आणि माझा घात होईल.

शेवटचं : डिंक दोनदा लावला असला तरी मामी तुमच्याआधी पाकीट उघडतात हे आम्हा सगळ्या भाच्यांना ठाऊक आहे. तेव्हा, मामी, वाचत असाल तर पाय धरतो, आणि वरचं सगळं विसरून जा. तुमच्या कानावर घालावं की नाही या विचारात होतो, पण बी तिमे आज भर ओट्यावर म्हणत होत्या, पेंब्याच्या बायकांची दाढ काढली की जीभही बरोबरच निघते.